दुमडलेलं पान

आधीच सांगून टाकते, उगाच शेवटपर्यंत ताणायला नको. माझ्या वडिलांची आणि त्यांच्या मित्राची पन्नास वर्षांची रोजची बैठक मी मोडली. भांडण लावलं नाही, कुणाचे कान भरले नाहीत. एका दुपारी जेवून, पंख्याखाली बसून, इंटरनेटवर एक पोस्ट टाकली, एवढंच केलं.

मी इतिहासाची बाई. बऱ्हाणपुरात इतिहास शिकवायचा म्हणजे पोरांना असीरगढला सहलीला न्यायचं, वरपर्यंत चढवून दमवायचं, आणि परत आणल्यावर परीक्षेत तोच किल्ला विचारायचा. आयुष्यभर तेच केलं. निवृत्त झाले, आई गेली, नाना एकटे पडले, म्हणून शनवारा भागातल्या घरी त्यांच्याजवळ राहायला आले. मुलीने तिचा जुना लॅपटॉप दिला. म्हणाली, आई, वेळ जाईल तुझा. वेळ कसला जातोय, मीच त्यात गेले! कुठल्या तरी ग्रंथालयाने चढवलेली जुनी गॅझेटियरं, पलटणींचे इतिहास, नऊवारी नेसायच्या तऱ्हा, जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह, पिवळे पडलेले नकाशे. एक उघडलं की त्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. कुकरच्या शिट्ट्या मोजायची सुद्धा शुद्ध राहायची नाही. नाना आतून ओरडायचे, "बाई, देश सापडला असेल तर भात बघ आता!"

या सगळ्यात मला धरून ठेवलं ते संस्थानं विलीन झाली त्या वर्षांनी. आमच्या पाठ्यपुस्तकात ती दीड परिच्छेदात संपायची. मी पण ती दीड परिच्छेदातच संपवत आले. मनात कुठेतरी लाज होतीच.

आता नाना आणि उस्तादचाचा. नाना मिलमध्ये टाइमकीपर होते आणि चाचा तिथेच मागावर. हाताखाली नवे विणकर तयार करायचे, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि ते नानांना बाबू म्हणत. नानांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. चाचा मूळचे परभणीकडचे. हैदराबाद संस्थान विलीन झालं त्या गडबडीत त्यांची आई पोरांना घेऊन निघाली, गाडी बदलत बदलत इथे नातेवाइकांकडे आली आणि इथलीच झाली. वडील मागे राहिले ते राहिलेच. त्यांचं पुढे काय झालं हे त्या घराला कधी कळलं नाही. चाचा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असतील.

आमच्या गावात बाहेर सगळा कारभार हिंदीत. मराठी म्हणजे घरातली भाषा, चुलीपाशी बोलायची. मिलच्या त्या सगळ्या हिंदी कलकलाटात नानांना एक माणूस परभणीकडचं अस्सल मराठी बोलताना सापडला, आणि दोघांचं जमलं ते जमलंच. चाचांना मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं, शिक्षण उर्दूत झालेलं. नानांना उर्दू ऐकायला आवडायचं, पण अक्षर ओळखू येत नव्हतं. मग ठरलं. रोज सकाळी चाचा त्यांचा उर्दू पेपर घेऊन आमच्या ओट्यावर यायचे. आधी ते नानांना उर्दू पेपर वाचून दाखवणार, मग नाना त्यांना जळगावहून येणारा मराठी पेपर वाचून दाखवणार. एक चहा, दोन पेपर. मिल बंद पडली, दोघे म्हातारे झाले, चाचांचे डोळे अधू झाले, पण हा कार्यक्रम काही चुकला नाही.

लहानपणी मी शेजारी बसून ऐकायची. तेव्हापासूनची एक गोष्ट माझ्या लक्षात होती. सप्टेंबर आला की मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे लेख यायचे, आठवणी यायच्या. ते पान आलं की नाना ते दुमडायचे आणि गळा साफ करून म्हणायचे, "केळीचा भाव बघू." मग रावेर, बहादरपूर, सगळीकडचा केळीचा भाव दोनदा वाचायचे. ना आमची केळीची बाग, ना चाचांची! मला वाटायचं, काय हा कंटाळवाणा माणूस. इतका छान लेख सोडून केळी वाचतोय.

दुसरी गोष्ट. नाना चाचांच्या घरी कधी जेवले नाहीत. ईदला जायचे, गळाभेट घ्यायचे, अत्तर लावून घ्यायचे, पण ताट पुढे आलं की उठायचे. "पोटाला चालत नाही." शीरखुर्म्याचा डबा घरी यायचा आणि आम्ही पोरं तो चाटूनपुसून खायचो. चाचांची अम्मा होती तोवर ती दारात उभी राहून म्हणायची, "बाबू, गरम भाकरी आहे रे, एक तुकडा तरी मोड." नाना चपला घालायला लागायचे. मी कॉलेजात गेले, चार पुस्तकं वाचली, आणि मला त्यांची लाज वाटायला लागली. एकदा तर चाचांच्या देखतच बोलले, "नाना, किती जुनाट आहात हो तुम्ही! माणसाच्या घरी पाणी चालतं, चहा चालतो, आणि भाकरीने बाटता?" उलट चाचाच मला रागावले, "बापाशी असं बोलतात का, बेटा? ज्याचं त्याचं असतं." म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं. बाटतो म्हणून खात नाही. आणि तरीही रोज येत होते.

तर, तो लॅपटॉप. एक दिवस हैदराबाद कारवाईची छायाचित्रं बघत होते. नदीच्या उतारावर लष्करी लॉऱ्या थांबलेल्या, बाजूला पोरसवदा जवान उभे. खाली नाव नाही, गाव नाही. त्यातला एक जण उजवं पाऊल डाव्या पोटरीला टेकवून उभा होता, बगळ्यासारखा. मी हसले. आमचे नाना ओट्यावर अगदी असेच उभे राहतात. मग हसू थांबलं. चित्र मोठं केलं. कान बघितले, हनुवटी बघितली. अगं बाई!

नाना मिलमध्ये लागण्याआधी 'बाहेर नोकरीला' होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. लॅपटॉप उचलून त्यांच्यापुढे ठेवला. पंच्याऐंशी ओलांडलेला माणूस, चष्मा दोनदा पुसला, आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाले, "डावीकडचा पोरगा माळव्यातला होता. फार गायचा."

त्या दुपारी नानांनी मला सगळं सांगितलं. ते रसदीच्या लॉरीवर होते. बंदूक खांद्याला होती, चालवायची वेळ आली नाही. पोती चढवायची, पोती उतरवायची. एका ठिकाणी ताफा थांबला आणि विहिरीला पाणी आहे का बघायला यांना जवळच्या गावात पाठवलं. गाव रिकामं. माणसं नुकतीच निघून गेलेली. कोंबड्या फिरत होत्या. एका घराचं दार उघडं होतं, आत चूल पेटती होती. तव्यावर एक भाकरी, चुलीला टेकवून ठेवलेली दुसरी.

"दोन दिवस धड जेवलो नव्हतो," नाना म्हणाले. "खाल्ली. उभ्या उभ्या खाल्ली. दुसरी खिशात घातली. भूक होती गं, नुसती भूक. वीस वर्षांचा होतो."

"मग त्यात काय एवढं?" मी म्हटलं.

"पहिल्या ईदला उस्तादकडे जेवायला बसलो. अम्मा वाढता वाढता सांगत होती, कसे निघालो, काय काय सोडलं. म्हणाली, चूल पेटती सोडली बाबू, दोन भाकरी तिथेच राहिल्या. माझ्या हातात घास होता. तो तसाच खाली ठेवला. तेव्हापासून त्या घरात घास उतरला नाही."

मी बापाला जुनाट म्हटलं होतं, तेही चाचांच्या देखत.

"तेच घर कशावरून, नाना? गावंच्या गावं निघाली होती. प्रत्येक चुलीवर काही ना काही असणारच."

"तेच असेल असं नाही," ते म्हणाले. "नसेल असंही नाही. गावाचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं. पण मी तिथे होतो, हेच त्याला कधी सांगितलं नाही. त्याचा बाप तिकडे राहिला, आणि मी त्याच वाटेवर लॉरीत बसून होतो. पन्नास वर्षं त्याच्याबरोबर चहा पितोय."

मग त्यांनी माझा हात धरला. असं ते कधी करत नसत. म्हणाले, "आता सांगायचं आहे. रमजान चालू आहे, उपासाच्या माणसाला त्रास नको. ईदला त्याच्या घरी जाईन, सांगेन, आणि त्याने वाढलं तर जेवेन. पण मला जमत नाही. पहिलं वाक्य जमवलंय, पुढचं येत नाही. तू बाई आहेस, तुला लिहिता येतं. मला पुढची दोन वाक्यं लिहून दे. मी पाठ करतो."

"देते की," मी म्हटलं. "त्यात काय!"

आता माझी गोष्ट. आमच्या गावाच्या इतिहासाचा एक ऑनलाइन ग्रुप होता. तिथे एका निवृत्त इंजिनिअर साहेबांनी शनवारा दरवाज्यावरची माझी एक चूक सगळ्यांसमोर काढली होती, आणि ती मला भयंकर झोंबली होती. एवढी वर्षं इतिहास शिकवून हा माणूस मला शिकवणार! आणि इथे माझ्या हातात काय होतं? देशाच्या इतिहासाचं छायाचित्र, आणि त्यात माझा बाप. चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी दुपारी बसले आणि लिहिलं. हिंदीत लिहिलं, कारण ग्रुप हिंदी. जे नानांनी मला घरात, मराठीत, हात धरून सांगितलं, ते मी गावाच्या भाषेत करून चव्हाट्यावर मांडलं. छान लिहिलं होतं, हेही कबूल करते. लॉऱ्या, नदीचा उतार, रिकामं गाव, तव्यावरची भाकरी. चाचांचा उल्लेख केला नाही. तेवढी अक्कल होती. भाकरीमागचं दुःखही लिहिलं नाही, कारण त्याने गोष्टीचा डौल गेला असता. 'भूखा जवान रोटी खाकर आगे बढ़ा,' असं लिहिलं. आणि नानांना दोन वाक्यं लिहून द्यायची होती, ती राहूनच गेली. वाटलं, ईदला अजून आठवडा आहे.

मी विचार केला नव्हता असं म्हणायचीही सोय नाही. केला होता. म्हटलं, चाचांना कुठे फोनवरचं दिसतंय, आणि हिंदी अक्षर तरी कुठे येतंय. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी ना कुणी वाचून दाखवत आलं, त्याला हेही कुणीतरी वाचून दाखवेल, एवढं साधं मला सुचलं नाही. त्यांची नात कॉलेजात होती आणि त्याच ग्रुपमध्ये होती.

संध्याकाळपर्यंत दीडशे-दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअर साहेबांनी नमस्कार लिहिला. मी फुगले. मग खाली कुणीतरी लिहिलं, 'वाह, दुश्मन के घर की रोटी!' त्याखाली हसणारे चेहरे. मी ते वाचलं, आणि मला जरा खटकलं. जराच. काढून टाकावं असं वाटलं, पण टाळ्या अजून चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले नाहीत.

नाना ओट्यावर बसून राहिले. त्यांचा एकट्याचा चहा दोनदा गरम केला. "उपास आहेत, थकला असेल," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी दोन ओळखीचे लोक शाल आणि हार घेऊन दारात उभे राहिले आणि 'हैदराबाद के वीर' म्हणून नानांच्या पाया पडले. तेव्हा नानांना कळलं. त्यांनी हार घातला नाही. माणसं गेल्यावर माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "भाकरीचं पण लिहिलंस?"

मी हो म्हटलं. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं का, कोण जाणे. मी लगेच पोस्ट काढून टाकली, पण तोवर ती शंभर फोनांवर गेलेली.

ईद आली. नानांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, ओट्यापर्यंत आले आणि बसले. चाचांची गल्ली आमच्यापासून दोनशे पावलांवर. मी म्हटलं, चला, मी येते बरोबर. म्हणाले, "कुठल्या तोंडाने? त्याला वाटेल, गावात बोभाटा झाला म्हणून कबूल करायला आला." दुपारी सदरा काढून खुंटीला लावला. त्या वर्षी डबा आला नाही.

मला वाटायचं, होईल हळूहळू. म्हाताऱ्या माणसांचे रुसवे. मी तरी जायचं ना चाचांकडे! नाही गेले. लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या सुनेने दारातूनच परत पाठवलं तर काय, याचाच जास्त विचार होता. सप्टेंबरमध्ये पेपरात नेहमीचे लेख आले. नानांनी एकट्यानेच पेपर वाचला. पान दुमडलं नाही, तसंच उलटलं. केळीचा भावही वाचला नाही.

थंडीत नाना गेले. दोघांचं फार पूर्वी ठरलं होतं, जो आधी जाईल त्याला दुसऱ्याने पोचवायचं. तापीच्या राजघाटावर मी मान वर करकरून पायऱ्या बघत होते. चाचा आले नाहीत.

त्यानंतरचा सप्टेंबर आला. पेपर आला, ते पान आलं, आणि मला घरात बसवेना. पेपर काखेत मारला आणि ती दोनशे पावलं चालून गेले. त्यांच्या नातीनेच दार उघडलं. माझ्याकडे बघून क्षणभर थांबली आणि बाजूला झाली. चाचा खाटेवर बसले होते. डोळ्यांवर पांढुरकी साय आली होती.

"कोण?"

"मी, चाचा. बाबूंची."

मी खाली बसले, आणि दुसरं काही सुचेना म्हणून पेपर वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं पान. मग ते पान आलं. माझे हात आपोआप ते दुमडायला लागले.

कागदाचा आवाज त्यांनी बरोबर ओळखला. म्हणाले, "तो बी असंच करायचा. पहिल्याच वर्षी समजलं होतं मला."

"काय समजलं होतं?"

"हेच की, हा तिकडं होता. नसता तर पान कामून दुमडलं असतं? मी म्हटलं, जो माणूस माझ्यासाठी पान दुमडतो, त्याला काय विचारायचं. जवा सांगायचं तवा सांगंल."

मला रडू फुटलं. म्हटलं, "चाचा, मग तुम्ही यायचं का बंद केलं? त्या लोकांनी खाली घाण लिहिली म्हणून?"

"लोकांचं काय," ते म्हणाले. "लोक हसतात. भाकरीचं मातर मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं धरमाचं हाय. पोरीनं वाचून दाखवलं तवा समजलं, हा माझ्या घरात का खात नव्हता. अम्मा मरेपर्यंत म्हणायची, भाकरी जळून गेली असंल. अन्न जळालं म्हणून तिला वाईट वाटायचं. तिच्या राहत्या वक्तात त्यानं सांगितलं असतं, तर मी तिला बोललो असतो, नाही जळली अम्मा, एका भुक्या पोरानं खाल्ली."

"मग का नाही आलात?"

"वाट बघत होतो ना, बेटा! गावाला सांगितलं, आता मला सांगायला येईल. मी आधी गेलो असतो तर त्याला वाटलं असतं, जाब विचारायला आला. न सांगताच गेला, म्हणून घाटावर बी आलो नाही. ईदला ताट वाढून ठेवलं होतं त्याचं. सांजपर्यंत ठेवलं."

मी त्यांना सांगितलं. नाना ईदला येणारच होते. मला आधी सांगितलं होतं, पोस्ट त्यांनी टाकायला सांगितली नव्हती, मी टाकली, त्यांना न विचारता टाकली. काय बोलायचं ते पाठ करून ते येणार होते. धुतलेला सदरा घालून ओट्यापर्यंत आले होते. एका दमात सगळं सांगितलं. माफी मागायचं ठरवून गेले होते, ती मागायचीच राहिली.

चाचा खाटेवर जरा पुढे सरकले, आणि सकाळच्या वाचनाला बसायचे तसा कान माझ्याकडे करून बसले.

"काय बोलणार होता?" त्यांनी विचारलं. "त्याचे शब्द सांग. तुझे नको."

पहिलं वाक्य मला पाठ होतं. नानांनी त्या दुपारी ते चार वेळा म्हणून दाखवलं होतं. मी तसंच म्हटलं, "उस्ताद, तुझ्या घरी मी जेवत नाही, त्याचं कारण तुला वाटतं ते नाही."

चाचांनी मान हलवली. थांबले.

"पुढं?"

पुढची दोन वाक्यं मी लिहून देणार होते.